दूधभातावरचा बोका

बोका टेबलावर ठेवला आणि तो हललाच नाही, तिथंच मला शंका आली. मांजर परक्या टेबलावर कधी स्वस्थ बसत नाही. ते कोपरा शोधतं, कपाटाखाली घुसतं, नाहीतर माझा हात फोडतं. हा तीन वर्षांचा, ऐन उमेदीतला, पांढरा-करडा बोका पाय पोटाशी घेऊन बसला आणि नाक वर करून हवा हुंगत राहिला. त्याच्या कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा होता. त्याला घेऊन आलेल्या अप्पांच्या कपाळावरही तसाच पट्टा होता, नुकता ओढलेला, ठळक. अप्पा पंचाहत्तरीचे. लक्ष्मीपुरीत त्यांचं किराणा-भुसारीचं दुकान, आता मुलगा बघतो. सगळी पेठ त्यांना अप्पाच म्हणते, म्हणून मीही. रोज शिवपूजा आटोपली की बोटाला राहिलेली विभूती बोक्याच्या कपाळाला लावायची, हा त्यांचा नेम. बोक्याला घरात जे नाव होतं ते इथं लिहीत नाही. देवाचं होतं.

“दाराला धडकतंय,” अप्पा म्हणाले. “दोन-तीन हप्तं झालं. परवा खुर्चीवरनं उतराय गेलं आणि उताणंच पडलं. आमची सून म्हणती, चष्मा लागलाय त्याला.”

बाकावरची माणसं हसली. माझा दवाखाना म्हणजे शाहूपुरीतल्या एका बोळातले दोन गाळे. तपासायचं टेबल आणि बाक यांच्यामध्ये पडदा आहे, पण तो ओढायला मला कधी सवड झालेली नाही. इथं जे बोललं जातं ते बाकावर ऐकू जातं, आणि बाकावरून ते संध्याकाळपर्यंत पेठेत जातं.

मी बॅटरी डोळ्यावर मारली. भर उजेडात दोन्ही बाहुल्या पसरलेल्या, उजेड पडला तरी आकसायचं नाव नाही. कापसाचा गोळा त्याच्या नाकासमोरून खाली टाकला. डोळस मांजर गोळ्यामागे मान वळवतंच. याची मान जागची हलली नाही. मग छातीला नळी लावली. दोन ठोक्यांच्या जागी तीन ऐकू येत होते, श्वास वरच्या वर चालला होता. डोळे गेले होते आणि हृदय त्याच वाटेला लागलं होतं.

“खातो काय हा?” मी विचारलं.

अप्पांचा चेहरा उजळला. “दूधभात. सकाळी दूधभात, दुपारी दहीभात, सांच्याला दुधात भाकरी कुस्करून. आमच्यात मांस-मच्छी न्हाय. ह्येनं जल्मात कधी तोंड लावलं न्हाय. शेजारच्यांनी एकदा बांगड्याचा तुकडा ठेवला म्होरं, हुंगलं आणि मागं सरलं की. लोक बघाय येत्यात घरात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेव्हा मी काय काय बोलले ते सगळं आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणाले, तुम्ही याला आंधळं केलंत. मी म्हणाले, तुमचं सोवळं तुमच्यापाशी ठेवा, मुक्या जनावराच्या गळ्यात कशाला बांधता? वाघाला कुणी उपास करायला लावतं का? भक्तीच करायची होती तर ससा पाळायचा, गाय पाळायची, मांजर कशाला आणलंत घरात? लोक बघायला येतात म्हणून मिरवलंत, आता बघायला येतील तेव्हा दाखवा हे डोळे. आवाज असा लागला होता की बाहेर दुचाकी लावणारा माणूस आत डोकावून गेला.

अप्पांनी तोंड उघडलं. मग बाकाकडे पाहिलं. तिथं सातआठ माणसं बसली होती. त्यांनी तोंड मिटलं, खांद्यावरचा पंचा काढून बोक्याला त्यात गुंडाळलं आणि म्हणाले, “औषध लिहून द्या.”

मी लिहून दिलं. हृदयाच्या गोळ्या, छातीतलं पाणी उतरवायच्या गोळ्या, आणि टॉरिनची पूड, जी पुण्याहून मागवावी लागणार होती; टॉरिन मांसातच असतं, आणि ते मिळालं नाही की मांजराचे डोळे आणि हृदय जातं. छातीची सोनोग्राफी करून आणा म्हटलं. आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: मांसाहार सुरू करणे. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. “ह्ये व्हायचं न्हाय आमच्या घरात,” ते शांतपणे म्हणाले आणि निघून गेले.

रागाची मला लाज नाही. कोडोलीला आमच्या घरी आई म्हणायची, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, शिंकली तरी उडतो. घरच्या म्हशीला वैरण टाकताना कुणी हयगय केली तर मी दहा वर्षांची असताना चुलत्यांवर ओरडायची. पुढे शिकून डॉक्टर झाले तेव्हा ओरडायचा परवानाच मिळाला. आणि ओरडायला कारणं काय कमी आहेत? रविवारी घरात तांबडा-पांढरा होतो आणि सोमवारी सकाळी माझ्या दारात कुत्र्यांची रांग लागते. कांदा-लसणाचा रस्सा, शिजवलेली नळी, वर “जरा जराच दिलंतं, पावणं आलेलं.” त्या जराजराने आतडं फाटतं. कुत्र्याच्या वाढदिवसाला चॉकलेटचा केक कापतात आणि रात्रभर ते ओकत बसलं की मला फोन. मांजराला ताप आला म्हणून आपल्या डब्यातली तापाची अर्धी गोळी चारतात. ती अर्धी गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, हे मी किती वर्षं कंठशोष करून सांगते आहे. कुत्रा दिवसभर गच्चीवर साखळीला, आणि मालक मला विचारतो, हे सारखं भुंकतंय का? तुम्हाला बांधून ठेवलं तर तुम्ही भजन म्हणाल का? मोबाइलवर कुणीतरी काहीतरी सांगतो ते वेदवाक्य, आणि समोर उभ्या असलेल्या बाईनं सांगितलं की “बघू की.”

तर त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून मी डबा उघडला आणि तरी माझी धुसफूस चाललेलीच होती. घासागणिक मी अप्पांना ऐकवत होते. मग वाटलं, याची लस केव्हा दिली होती ते बघावं. जुनी कार्डं कपाटात असतात. बोक्याचं कार्ड सापडलं. तीन वर्षांपूर्वीचं, पहिल्या लसीच्या दिवसाचं. वजन, वय, जंताचं औषध. त्याखाली माझ्याच अक्षरात एक ओळ होती: आहार – दूधभात, दही. ठीक आहे.

ठीक आहे. दुसऱ्या कुणी लिहिलेलं नव्हतं. ‘ठ’ची माझी लकब मला कळते.

मला ते आठवेना. अजूनही नीट आठवत नाही, त्याचाच जास्त राग येतो. बहुधा गर्दी असेल. बहुधा मी सुई भरता भरता विचारलं असेल, खातंय ना नीट? आणि त्यांनी सांगितलं असेल, दूधभात खातंय, चालंल न्हवं? आणि मी वर न बघता, चालेल. दोन महिन्यांच्या पिलाला दूधभात चार दिवस चालतोही. पण चार दिवस की चार वर्षं, हे सांगायला एक वाक्य जास्त लागलं असतं. ते एक वाक्य मी वाचवलं होतं. वर्षानुवर्षं मी लोकांवर ओरडत आले की तुम्ही विचारत नाही. हा माणूस विचारून गेला होता.

याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मी कार्ड परत कपाटात ठेवलं नाही. टेबलाच्या खणात, बिलबुकांच्या खाली सरकवलं. कुणी बघणार नव्हतं, कुणी मागणार नव्हतं, तरी सरकवलं. आणि गंमत अशी की अप्पांवरचा माझा राग त्यामुळे कमी झाला नाही, उलट वाढला. आपण चुकलो की समोरचा माणूस जास्तच चुकलेला दिसायला लागतो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला. आवाज दबलेला. “मॅडम, तोंड उघडं टाकून श्वास घेतंय. गोळ्या देतोय आम्ही. पण भात सुद्धा खाईना झालंय. मामंजी पूजेवरनं उठलेच न्हाईत सकाळपासनं. तुम्ही जरा येता का?”

गेले. कसबा बावड्याला कारखान्याच्या बाजूला आता नव्या इमारती झाल्या आहेत, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. गाळपाचा हंगाम होता, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. घर लख्ख. आणि प्रत्येक खिडकीला, गॅलरीला, स्वयंपाकघराच्या झरोक्यालासुद्धा बारीक जाळी. मी विचारलं, डासांसाठी का? सून म्हणाली, “न्हाय मॅडम. ह्यानं एकदा पाल धरलीती तोंडात. मामंजींनी सोडवून घेतली तोंडातनं आणि दुसऱ्या दिशीच जाळीवाला बोलावला. घरात जीवहत्या नको म्हणून.”

मी त्या जाळीकडे बघत उभी राहिले. ती पालही त्या बोक्याला मिळू दिली नव्हती.

आधी बोक्याला इंजेक्शन देऊन छातीतलं पाणी उतरवलं. तासाभरात त्याचं तोंड मिटलं. मग अप्पा आतल्या खोलीतून आले आणि माझ्यासमोर खाली चटईवर बसले. वयानं मोठा माणूस खाली बसलेला आणि मी खुर्चीत, म्हणून मीही खाली बसले. पण आवाज काही खाली आला नाही.

“पूड पाठवली तुमच्याकडे. ती कारखान्यात रसायनं घालून तयार होते, तिच्यात कुणाचं मांस नाही. ती देताय?”

“देतोय की. दोन बार.”

“त्यानं हृदयाला आधार मिळेल. पण त्याचं पोट पुडीवर भरणार नाही. मांसात आणखी चार गोष्टी आहेत ज्या भातात नाहीत. अप्पा, माणूस भाकरीवर जगतो. कुत्रंसुद्धा डाळभातावर नीट सांभाळलं तर निभावतं. मांजर निभावत नाही. त्याच्या अंगात ती सोयच नाही.”

“ह्ये तुम्ही म्हणताय,” अप्पा म्हणाले. “आमच्या दुकानात माझ्या बा-च्या येळंपासनं मांजरं हाईत. माझ्या डोळ्यादेखत सात झाली. समदी दूधभातावर वाढली. एक तर पंधरा वर्सं जगली. एकाचं बी डोळं गेलं न्हाईत. मग ह्येचंच कसं गेलं? सांगा.”

मग मला हसू आलं, आणि हसण्याआधीच राग आला.

“ती मांजरं रात्री कुठं असायची?”

“दुकानात. मागं गोदाम हाय आमचं. तांदूळ, शेंगा, पेंड.”

“गोदामात उंदीर?”

“गोदाम म्हटल्यावर असणारच की.”

“आणि सकाळी उंदीर कमी व्हायचे ते काय दूधभातानं?”

सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. पन्नास-साठ वर्षं हा माणूस सकाळी दुकानाचं शटर उघडत होता, मांजराला वाटीत दूधभात घालत होता आणि जेवल्यासारखं करून मांजर पोत्यावर झोपलं की समाधानानं गल्ल्यावर बसत होता. मांजराचं खरं जेवण रात्रीच गोदामात झालेलं असायचं. दूधभात ते फक्त त्यांचं मन राखायला खात असावं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. शटर लावल्यावर काय होतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, इतकंच. हे पहिलं मांजर असं, की ज्याला त्यांनी गोदामात न ठेवता घरात, पोटच्या पोरासारखं, जाळीच्या आत ठेवलं. मायेनंच त्याची उपासमार केली.

“म्हंजे मी जे पुण्य सांगत फिरलो,” अप्पा सावकाश म्हणाले, “ते उंदरांच्या जिवावरचं हुतं.”

“हो.”

“आणि आता ह्याला जगवायला मी दुसरा जीव मारू?”

“तो तुम्ही मांजर घरात आणलंत त्या दिवशीच मारायचा ठरवलात. तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच.”

बोलताना मला खणातलं कार्ड आठवलं. ठाऊक करून द्यायचं काम कुणाचं होतं, हे त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. उलट आवाज चढवून म्हणाले, घरात जमत नसेल तर मांजर मला द्या, नाहीतर ज्यांच्या घरी चालतं अशा कुणाला द्या, पण असं मारू नका.

“आंधळं मांजर हाय,” अप्पा म्हणाले. “ह्या घरात त्याला कोपरं म्हाईत झाल्यात. दुसऱ्याच्यात ते पुन्हा धडकत बसंल.” शेवटी म्हणाले, “दोन दिस द्या मला.”

“त्याच्याकडे दोन दिवस आहेत का, ते मला सांगता येत नाही.”

त्याच संध्याकाळी सुनेनं फोन करून विचारलं की मांजराचं तयार खाणं कोणतं आणायचं. अप्पांनी धाकट्या गॅलरीत, जिथं कपडे धुतात, तिथं एक वेगळी ताटली, वेगळा डबा आणि वेगळा नळ नेमून दिला होता. स्वयंपाकघराचा उंबरा त्या डब्यानं ओलांडायचा नाही. ठीक. मला उंबऱ्याशी देणंघेणं नव्हतं.

पण बोका खाईना. असं होणार हे माहीत असूनही मी ते सांगायला विसरले होते. ज्या मांजराला लहानपणापासून एकच चव माहीत असते ते नवं अन्न अन्न म्हणून ओळखतच नाही; उपाशी राहील पण तोंड लावणार नाही. आणि मांजर तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं. म्हणून जुन्या अन्नात नवं मिसळायचं: आधी चिमूट, मग दोन चिमटी, महिनाभर धीर धरून. तयार खाण्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, बोटानं चुरून, दूधभातात कालवून, मांजराच्या मिशांना न लावता ओठाला लावायच्या. कोण करणार? सुनेला वासानं मळमळायचं. तिनंही जन्मात कधी हात लावला नव्हता. मुलगा दिवसभर दुकानात.

मी चार दिवसांनी गेले तेव्हा अप्पा गॅलरीत पाटावर बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेलं. उजव्या हाताची बोटं त्या कालवणात बरबटलेली, डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवलेला. बोका त्यांच्या तर्जनीचं टोक चाटत होता. गॅलरीभर मासळीचा दर्प. अप्पांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, श्वास तोंडानं घेत होते.

“डावा हात असा मागे का?” मी विचारलं. “दोन्ही हात लावा, मान धरायला सोपं जाईल.”

“डाव्या हातावर लिंग घेतो मी पूजेला,” अप्पा म्हणाले. “त्यो तेवढा ह्यात घालत न्हाय. उजवा दिलाय की तुमच्या मांजराला.”

मला कुणी काही म्हणालं नव्हतं, तरी कान तापले. ह्याच माणसाला मी बाकावरच्या माणसांदेखत सोवळं-ओवळं ऐकवलं होतं.

दीड महिना हे चाललं. मी आठवड्याला एकदा जायची. बावड्याला दुसरं काही काम नसतानाही जायची. ठोका सुधारत होता, श्वास खाली आला, वजन चढलं. सोनोग्राफीत हृदय आकसून बरंचसं जागेवर आलेलं दिसलं. डोळ्यांत काही फरक पडला नाही आणि पडणार नव्हता. पडद्याच्या पेशी एकदा गेल्या की गेल्या. अप्पांना मी हे आधीच सांगितलं होतं. ते दर वेळी तरी विचारायचे, “उजेड कळतोय का त्याला जरा?” आणि मी दर वेळी नाही म्हणायची.

एकदा असंच गॅलरीत बसलो होतो. बोका खाऊन अंग चाटत होता. अप्पा नळाखाली हात घासत होते, तीन वेळा साबण लावून. म्हणाले, “ह्ये पिल्लू हुतं तवा दुधात पाणी घालू का इचारलंतं मी तुम्हाला. आणि भाताचं बी. तुम्ही म्हणालासा, चालतंय.”

“आठवतंय तुम्हाला?” मी विचारलं.

“आठवतंय की. मी काय इसरतोय? पन्नास वर्सं उधारी तोंडपाठ ठेवली मी.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी एवढी ओरडत होते. तुम्ही तोंड उघडलं होतंत, मी पाहिलं.”

त्यांनी नळ बंद केला. “गिऱ्हाईक बसलंतं तुमचं बाकावर,” ते म्हणाले. “दुकानदाराला त्येच्या गिऱ्हाइकाम्होरं खोटं पाडत न्हाईत. धंदा बसतो. मागनं सांगता येतंय.”

घरी येईपर्यंत मी गाडी कशी चालवली कोण जाणे. मला त्यांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच वेळी मला चार शब्द सुनवायला हवे होते. मी असते तर सुनावले असते. पेठेत वाढलेल्या, उभा जन्म तराजूपाशी घालवलेल्या माणसानं आपल्या मांजराचे डोळे गेले तेव्हाही माझ्या दवाखान्याची अब्रू सांभाळली, आणि मी? कार्ड बिलबुकांखाली. त्यांच्या चांगुलपणाचा राग, माझ्या भित्रेपणाचा राग, आणि त्या चालतंय शब्दाचा. किती जणांना मी तो शब्द दिला असेल, सुई भरता भरता, याचा हिशेब कोणत्या कार्डात सापडणार?

पुढच्या सोमवारी अप्पा बोक्याला लसीसाठी दवाखान्यात घेऊन आले. सोमवार म्हणजे रस्सा खाल्लेल्या कुत्र्यांचा वार, बाक गच्च भरलेला. कुणीतरी म्हणालं, “ह्येच काय वं ते शाकाहारी मांजर? आंधळं झालेलं?” पेठेत बातमी पोहोचली होती, आणि ती मीच इथं जोरात सांगितली होती. “डॉक्टरांनी लई झाडलंतं म्हणं म्हाताऱ्याला.”

मी लस भरलेली सुई खाली ठेवली. खणातून कार्ड काढलं. लहानपणापासून ओरडायचा सराव असल्यामुळे माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो, तेवढाच लावला. म्हणाले, “हे पिल्लू असताना यांनी मला विचारलं होतं, दूधभात चालेल का? मी चालेल म्हणाले. इथं लिहिलंय. हे माझं अक्षर. याचे डोळे गेले ते माझ्या सांगण्यावरून गेले. मी त्या दिवशी यांना बोलले ते खोटं होतं.”

एका कुत्र्यानं जांभई दिली. कडेला बसलेल्या बाईनं मांडीवरचं पिलू उचललं, चप्पल पायात सरकवली आणि न बोलता निघून गेली. तिचं बरोबर होतं.

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, ते म्हणतील, कशाला बोललासा. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, चष्मा वर केला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग बोक्याच्या पाठीवर उजवा हात ठेवून, आता सगळं उघडच झालंय म्हटल्यावर, इतके दिवस राखून ठेवलेलं त्यांनी विचारलं.

“तवाच सांगितलं असतं तुम्ही, तर डोळं ऱ्हायलं असतं?”

“राहिले असते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. कार्ड टेबलावर ठेवलं. बाकावरची सगळी माणसं ऐकत होती, आणि या वेळी त्यांनी बाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मग त्या दिशी मला तसं बोलाय नको हुतं तुम्ही,” अप्पा म्हणाले. “लई लागलं मला.”

ठीक आहे, चालतंय, बघू की, यातलं काहीच मला म्हणता येईना. मी सुई उचलली आणि बोक्याची मान धरली.